यादीत नसलेला देश

२२ जुलै, मंगळवार

मनोरीच्या शाळेत उपक्रमाचा पहिला दिवस. मार्वेच्या धक्क्यावर पहिली फेरीबोट चुकली, कारण एक म्हातारा फाटलेलं जाळं शिवत होता ते बघत बसलो. गाठ मारताना तो सुई दातात धरायचा. अर्धा तास गेला. माझी बी.ए. पण अशीच गेली.

काम काय ते लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन. विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय अभ्यास विभाग आणि तीन शाळा: भांडुप, घाटकोपर, मनोरी. आठवीची मुलं. प्रत्येक मुलाला एक देश. दोन महिने तो देश 'सांभाळायचा', देशवहीत सगळी माहिती भरायची, आणि सप्टेंबरात तिन्ही शाळांची मिळून छोटी जागतिक सभा. सगळं डोकं देवस्थळी मॅडमचं (पुढे दे.मॅ.). मी समन्वयक. म्हणजे खोके उचलणारा. पीएच.डी.वाल्या कोणाला बोटीने जायचं नव्हतं, म्हणून लॉटरी मला.

चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यातून. तीस मुलं, तीस देश. संपलं म्हणून डबा बंद करतोय तर दारात एक मुलगी. तेजल. पट एकतीसचा आहे, मी मॅडमना तीस कळवला होता. गेल्या आठवड्यात मोजताना खिडकीतून होड्या दिसत होत्या, तिकडे लक्ष.

ती आली, रिकाम्या डब्यात हात घालून फिरवत राहिली. म्हणाली, "सर, मना देश नाय?"

वर्ग हसला. मागून एक जण म्हणाला, "हिला मालाड द्या!"

मला कसंतरी झालं. पाठ फिरवून कागदाच्या कपट्यावर लिहिलं, घडी घातली, दिली. तोरवान. असा देश नाही. सुचला तो लिहिला. जगात एवढे देश, एक जास्त झाला तर कोणाला कळतंय? मलाच निम्मे माहीत नाहीत.

तिने चिठ्ठी उघडली. "हां," म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. ओळखीच्या माणसाचं नाव वाचावं तशी.

परत येताना बोटीत आठवलं, भूतान कोणालाच दिला नव्हता. तेव्हा का नाही सुचला?


२३ जुलै

आईला सांगितलं शाळेत शिकवतो. "तू शिकवतलंस? तुका कोणी शिकवल्यान?" आणि हसत पोहे ढवळत राहिली. बरोबर आहे तिचं.

पुढच्या मंगळवारी तेजलला भूतान देऊन टाकायचा. विषय संपला.


२९ जुलै, मंगळवार

विषय संपला नाही.

बाकीच्यांच्या देशवह्या बघितल्या. सगळ्यांनी मोबाइलवरून उतरवलेलं. 'फ्रान्स हा एक सुंदर देश असून' वगैरे. एकाने ब्राझीलच्या पानावर स्वतःचाच फोटो चिकटवलाय, फुटबॉल घेऊन. झकास.

तेजलची वही सात पानं भरलेली. पेन्सिलने, एकही खाडाखोड नाही.

'माझ्या देशाला एकच बंदर आहे. भरतीचं पाणी दिवसातून दोनदा उंबऱ्यापर्यंत येतं म्हणून मासळी जमिनीवर सुकवत नाहीत, कौलांवर सुकवतात. माझ्या देशात येणाऱ्या माणसाला आधी जेवायला वाढतात, नाव मागून विचारतात. माझ्या देशाचं कोणाशीही भांडण नाही कारण कोणाला तो ठाऊक नाही.'

'माझा देश' हा दे.मॅ.चा नियम. मुलांनी 'फ्रान्समध्ये' असं लिहायचं नाही, 'माझ्या देशात' असं लिहायचं. त्याने आपलेपणा येतो म्हणे.

विचारलं, "कुठून काढलंस हे?"

"आठवून."

"आठवून म्हणजे?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू प्रश्न मीच चुकीचा विचारला होता. भूतान खिशातच राहिला.


५ ऑगस्ट, मंगळवार

केणीबाई (तिकडच्या वर्गशिक्षिका, मनोरीच्याच) डबा खाताना सहज म्हणाल्या, "तेजल हल्ली बोलते, तुमचे आभार. वर्षभर गप्प होती."

तेजलचा बाप खलाशी. इथल्या होड्यांवर भागेना म्हणून गुजरातकडच्या मोठ्या बोटीवर गेला. बोटीवर सात जण. गेल्या पावसाळ्यानंतरच्या पहिल्याच खेपेला बोट हद्दीपलीकडे गेली आणि तिकडच्यांनी धरली. हे आमच्याकडे नवीन नाही, बाई म्हणाल्या, माणसं दोन-तीन वर्षांनी सुटून येतात. पलीकडून यादी आली. यादीत सहा नावं. तेजलच्या बापाचं नाही. परत अर्ज केला, परत तीच सहा. आपल्याकडच्या कागदांत तो गेला तिकडे, तिकडच्या कागदांत आलाच नाही.

"मग?"

"मग काय. तेजलच्या आईचा दीर म्हणतो, यंदा सर्वपित्रीला त्याचं पान घालायचं. म्हणजे गेला असं धरायचं. बाईला किती दिवस अर्धवट ठेवणार? तेजलची आई नाही म्हणत नाही, हो पण म्हणत नाही. आणि पोरगी म्हणते घालूच देणार नाही."

"का?"

"ती म्हणते, बापूस या दोन देशांच्या यादीत नाही, म्हणजे तो तिसऱ्या देशात आहे." मग बाई हसल्या. "तुमच्या प्रोजेक्टने निदान भूगोल तरी पक्का झाला."

मी डबा तिथेच झाकला. भेंडी होती, आवडीची.


६ ऑगस्ट

भांडुपच्या शाळेत जायचं होतं, मुलुंडला गेलो, डोंगराच्या बाजूच्या रस्त्याने नुसता चालत राहिलो. असं होतं माझं.

हिशोब सरळ आहे. तिला सांगायचं, हा देश मी बनवला. पण सांगितलं की तिचा बाप मेला. मी मारला असं नाही, पण माझ्या तोंडून मेला.

सर्वपित्री कधी, कॅलेंडरात बघितलं. २१ सप्टेंबर, रविवार. आमची सभा आदल्या दिवशी, शनिवारी.


१२ ऑगस्ट, मंगळवार

भूतान काढला. म्हटलं, "तेजल, जरा घोळ झालाय. तुझा देश बदलायचाय. हा घे, डोंगर आहेत, बर्फ आहे, एकदम मस्त."

तिने चिठ्ठी वाचून परत दिली. "याला समिंदर नाय, सर. बोट कशी लागंल?"

भूतान परत खिशात.

जाताना तीच म्हणाली, "तुमी घाबरू नका."


२० ऑगस्ट, बुधवार

घाटकोपर. सभेसाठी टेबलावर ठेवायच्या पाट्या छापायला दिल्या होत्या, देशाचं नाव आणि झेंडा. प्रिंटर भावेशभाई, मेट्रोच्या पुलाखाली दुकान. दुकानात एक पोपट आहे, तो 'पेमेंट पेमेंट' ओरडतो. त्याच्याशी खेळत बसलो, मग पाट्या तपासायला घेतल्या.

तोरवानची पाटी होती. झेंड्यासकट. हिरवा, मधून एक पांढरा पट्टा, तो पण सरळ नाही, डावीकडे जरा खाली उतरलेला.

मी फाईलमध्ये तोरवानची जागा कोरी सोडली होती. शंभर टक्के कोरी. मनात होतं की तोवर काहीतरी करू.

"भावेशभाई, हा झेंडा कुठून आणला?"

"तुमच्याच फाईलमध्ये होता ना, यार. आपण कशाला झेंडे बनवू? जेलमध्ये टाकतील."

स्क्रीनवर दाखवलं. खरंच होता. पोपट गप्प झाला होता, का कोण जाणे.


२१ ऑगस्ट

सापडलं उत्तर. रिद्धी (दे.मॅ.ची एम.ए.ची विद्यार्थिनी, मुलांच्या देशवह्यांचे फोटो ती तपासते) म्हणाली, "अरे, एकच झेंडा मिसिंग होता, म्हणून त्या मुलीच्या वहीतला बघून मीच काढला आणि टाकला. थँक्यू म्हण."

थँक्यू म्हटलं. इतकं बरं वाटलं की दोन वडापाव खाल्ले.

मग म्हटलं, "रिद्धी, तोरवान कुठेय गं?"

"कुठल्यातरी बेटांत असेल ना. तू दिलेल्या लिस्टमध्ये होता."

एम.ए. आहे ती.


२६ ऑगस्ट

आई गणपतीला गावी गेली. घर रिकामं. जाताना म्हणाली, "खंय भटकू नको, दिवो लाव." भटकलो. लावला पण.


४ सप्टेंबर, गुरुवार

सुट्टीनंतर शाळा भरली. मंगळवार बुडाला म्हणून आज मनोरी.

तेजलला सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. मधल्या सुट्टीत तीच वही घेऊन आली. आत एक घडी घातलेलं पत्र. म्हणाली, "तुमाला दाखवते. आयसला सांगू नका. तिला ठाव हाय, पन ती वाचत नाय."

बापाच्या बोटीवरच्या सहांपैकी एकाचं पत्र. तिकडच्या जेलमधून, होळीच्या सुमारास आलेलं. उभी रेघ, आडवी रेघ, लहान मुलासारखं अक्षर. जेवढं लक्षात आहे तेवढं लिहितो: इंजिन बंद पडलं होतं. सकाळी धुकं. धुक्यातून एक होडी आली. कोणी ओरडलं नाही, हाक नाही. तुझा बापूस म्हणाला मी तेल मागून आणतो, आणि त्या होडीवर चढला. होडी गेली. दुपारी गस्तवाले आले आणि आम्हाला धरलं. आम्ही त्यांना सांगितलं की एक माणूस त्या होडीवर आहे. ते म्हणाले दुसरी होडी नाही. होडीला निशाण होतं. हिरवं, मधे पांढरा पट्टा. कोणाचं ते आमच्यात कोणालाच कळलं नाही.

वाचून मला आधी हलकंच वाटलं. म्हणजे झेंडा तिने पत्रातून घेतला. वहीतून रिद्धीने, रिद्धीकडून भावेशभाईने. साखळी सरळ आहे. भूतबित काही नाही.

बोटीत बसल्यावर मात्र दुसरी बाजू कळली. पत्र खरं असेल तर होडी खरी. होडी खरी असेल तर ती कुठल्यातरी बंदरातून आली. बंदराला नाव असणार.

नाव मी ठेवलं असेल, एवढंच.

सांगितलं नाहीच तिला.


९ सप्टेंबर, मंगळवार

भांडुप. पितृपंधरवडा लागला. बारा दिवस राहिले.

ओंकारची वही तपासली. त्याचा देश मादागास्कर. बोलण्यात एकदम पुढे, बाप रिक्षा चालवतो, हा वर्ग चालवतो. 'समुद्रशेजारी' या रकान्यात तीन नावं. तिसरं: तोरवान.

भांडुपची मुलं मनोरीच्या मुलांना अजून भेटलेली नाहीत. सभेतच भेटणार.

"ओंकार, हे कोणी सांगितलं?"

"तुम्हीच की, सर."

"मी? कधी?"

"त्या दिवशी, बाकावर बसून. तुम्ही म्हणालात, तिकडे भरती दोनदा उंबऱ्यापर्यंत येते, आणि धक्क्याच्या पायऱ्या मोजून एकोणीस आहेत, विसावी पाण्याखाली. तुम्ही एकदम मस्त सांगत होता, मग बेल झाली." पोरगा शेजारच्याला, "सांगितलं ना रे सरांनी?" चार-पाच जण एकदम, "हो ना!"

मला आठवत नाही. बडबडतो मी, मान्य. एका गोष्टीवरून दुसरीवर जातो, कुठून निघालो ते राहत नाही. भरतीचं तेजलच्या वहीत होतं, ते तोंडात आलं असेल.

पण पायऱ्यांचं तिच्या वहीत नाही. रिद्धीकडून सगळे फोटो मागवून पान न पान बघितलं. पायऱ्या कुठेच नाहीत.


१२ सप्टें.

आज एकही गोष्ट लिहिण्यासारखी नाही. दाढी केली. आरशात बघताना 'एकोणीस' म्हणालो, मोठ्याने.


१५ सप्टेंबर, सोमवार

दे.मॅ.ना सगळं सांगितलं. केबिनचं दार लावून. पट चुकला, चिठ्ठी कमी पडली, देश बनवला, मुलीचा बाप, पान. वाट लागणार हे धरूनच गेलो होतो.

त्या चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. "विनय, तू हा देश बनवलास?"

"हो."

"मस्करी करू नकोस."

"नाही मॅडम. शप्पथ."

त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. आपलं एक जोडीचं विद्यापीठ आहे परदेशात, तिथल्या शाळा पण हाच उपक्रम करतात. त्यांच्या मुलांनी घेतलेल्या देशांची यादी शुक्रवारी आली होती. मॅडमनी बोट ठेवलं. तोरवान. त्यांच्या अक्षरांत, पण तोरवानच.

"आपलं बघून घेतला असेल त्यांनी," मी म्हटलं.

"आपली यादी मी पाठवलेलीच नाही अजून."

मॅडम एकदम शाळेतल्या बाईंसारख्या झाल्या, कागद सारखे केले. "रिद्धीने पाठवली असेल. तिचं असंच असतं." रिद्धीला फोन लावला. रिद्धी म्हणाली, नाही पाठवली. "आठव नीट," मॅडम म्हणाल्या, आणि तिचं ऐकायच्या आत फोन ठेवला.

मला म्हणाल्या, "सभा होऊ दे. तिन्ही शाळांचे मुख्याध्यापक येणार आहेत. नंतर त्या मुलीच्या घरी जा आणि खरं काय ते सांग. हे तुलाच करावं लागेल. मुलांशी खोटं बोलून आपण जग शिकवू शकत नाही."

"आणि ती यादी?"

"कुठली यादी?" असं म्हणाल्या. रागाने नाही. विनंती केल्यासारखं.


२० सप्टेंबर, शनिवार

सभा. घाटकोपरच्या शाळेचा हॉल. नव्वदच्या वर मुलं, प्रत्येकासमोर पाटी. दोन देश मारामारी केली म्हणून बाहेर काढले (स्वीडन आणि घाना, कारण खिडकीजवळची जागा). इटलीला उलटी झाली. सकाळी तिकडेच सगळा वेळ गेला.

जेवणानंतर तेजलचा नंबर. इस्त्रीचा फ्रॉक, दोन वेण्या. माइक उंच होता, कोणी खाली करेना, ती खुर्चीवर चढली.

"माझ्या देशात एक मानूस आलाय," ती म्हणाली. "त्याचं नाव कोनच्याच यादीत नाय. तो बरा हाय, जेवतो, काम करतो. पन तो कोनाचा ते माझ्या देशाला कलत नाय. म्हनून मी सगल्या देशांना विचारते. हा मानूस तुमचा हाय का?"

दे.मॅ. माझ्याकडे बघत होत्या. केणीबाईंनी पदर तोंडाला लावला.

नियमाप्रमाणे प्रत्येक देशाने उत्तर द्यायचं असतं. एकेक पाटी वर होत गेली. जपान: आमचा नाही. केनिया: आमचा नाही. फ्रान्स: आमचा नाही, सॉरी. पोरं खेळच समजत होती, पण हळूहळू आवाज कमी होत गेला. साठ-सत्तर वेळा 'आमचा नाही' ऐकलं. पलीकडचा देश ज्याच्याकडे होता, तो मुलगा उठून सारखा वही चाळत राहिला, मग म्हणाला, "आमच्या यादीत नाही, खरंच नाही."

शेवटी भारत. घाटकोपरचीच एक जाड चष्म्याची मुलगी, सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. उठली आणि म्हणाली, "आमचा आहे. द्या परत."

टाळ्या.

तेजल खुर्चीवरून उतरली नाही. टाळ्या थांबेपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "देते. पन न्यायला कोनतरी या. त्याला एकट्याला वाट म्हायती नाय."

मुख्याध्यापक लोक म्हणाले, किती छान बसवलंय मुलीकडून. निघताना दे.मॅ. मला फक्त एवढं म्हणाल्या, "उद्या. सकाळी लवकर जा."


२१ सप्टेंबर, रविवार. मनोरी

पहिल्या बोटीने आलो. कुठेही थांबलो नाही, कशाकडे बघितलं नाही.

कोळीवाड्यात प्रत्येक घरात स्वयंपाकाचा वास. तेजलचं घर शोधावं लागलं नाही, ती दारातच उभी होती. आत दीर आणि दोन-तीन बायका. जमिनीवर पानं मांडलेली, सासऱ्याचं, सासूचं, आणखी कोणाकोणाचं. वाढलेली. तेजलची आई हातात एक मोकळं पान घेऊन चुलीजवळ उभी. धुतलेलं, पाणी ठिबकत होतं. मालाडच्या बाजारात बसते ती, आवाज खणखणीत, पण आज बारीक बोलली.

"या सर. तुमचीच वाट बघत होते. पोरगी म्हनली सर येनार."

मी तिला सांगितलं नव्हतं.

उभ्या उभ्याच बोललो. बसलो असतो तर जमलं नसतं. पट चुकला, चिठ्ठी कमी पडली, मी कपट्यावर नाव लिहिलं. असा देश नाही. मी बनवला. चूक माझी, माफ करा. सगळं एका दमात. गेले दोन महिने जे वाक्य तोंडात घोळत होतं ते इतकं छोटं निघालं.

दीर म्हणाला, "ऐकलंस ना वहिनी? आता तरी घाल. कावले ताटकललेत."

तेजल दारातूनच म्हणाली, "सर खोटं बोलतायत." रडून नाही, चिडून नाही. हजेरी घेताना 'गैरहजर' म्हणतात ना, तसं.

आई मला बाहेर ओट्यावर घेऊन आली. दिराला म्हणाली, "दोन मिंटं थांब रं." माझ्यासमोर बसली. पान मांडीवर.

"मी शिकलेली नाय, सर. तुमी बनवलात म्हनता, बरं. बनवताना तुमच्या मनात काय आलं तेवढं सांगा."

"काही नाही. नुसतं नाव."

"नुसतं नाव कसं येल? कोलंबी म्हनलं की मना कोलंबी दिसते."

आणि मग मला दिसलं. म्हणजे तेव्हा दिसलं होतं, बावीस जुलैला, वर्गाकडे पाठ करून लिहिताना. एक पूर्ण सेकंदभर. मी कोणालाच सांगितलं नाही. इथेसुद्धा लिहिलं नाही, वहीची मागची पानं उलटून बघितली आत्ता, नाही लिहिलेलं. धक्का. शेवाळाच्या पायऱ्या. खालच्या पायरीवर एक माणूस पाठमोरा बसलेला.

सांगून टाकलं तिला. का सांगितलं माहीत नाही. चूक केली की काय.

तिचा चेहरा बदलला नाही. समोरच्या घराच्या कौलांवर तीन कावळे. आतून दीर, "वहिनी!"

मग म्हणाली, "त्याच्या हातात काय होतं?"

मी पाणी मागितलं.

ती आणायला आत गेलीय. पान इथे माझ्याजवळ ओट्यावर ठेवून गेली. तेजल दाराशी, माझ्याकडे बघतेय, मी लिहितोय ते तिला दिसतंय. काहीच नव्हतं असं म्हटलं तर ती पान वाढेल, संपेल सगळं, सुटेल बिचारी. पुढच्या वर्षी रडेल, त्याच्या पुढच्या वर्षी कमी रडेल.

पण होतं त्याच्या हातात. तेलाचा रिकामा डबा.

माठावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. येतेय ती.